निर्जळी

११ एप्रिल

आले एकदाची. गाडीत दोन ट्रंका, मे उजाडला तरी मिनेसोटात खुंटीला टांगायचा नसतो तो जाड कोट आणि इर्मा मावशीचं शाईचं पेन. शेताचे आणि घराचे मालक ऑर्विन स्कोगन स्वतः फाटकापर्यंत आले आणि मी नको नको म्हणत असताना दोन्ही ट्रंका उचलून वर नेऊन ठेवल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अजून बैलासारखा. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी थेट शेतावर. मक्याची धसकटं, काळी जमीन, बांधाकडेला बर्फाच्या मळक्या कडा. शेताच्या मधोमध एक उथळ खळगा आहे, वितळलेलं पाणी तिथे साचतं.

जेवायला त्यांनी ओव्हनमध्ये भाजलेलं खिमा-भाजीचं हॉटडिश केलं होतं, वर टॉट्सची, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांची, रांग कवायतीला उभी. छान झालंय म्हटलं, तर म्हणाले, वाईट नाही. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला देत नाही.

धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं करून मी विटले होते. हे काम त्या मानाने मजेचं. शेतात जागोजागी लोखंडी कड्या ठोकल्या आहेत, मोठ्या परातीएवढ्या. सकाळी कडीवर झाकण घट्ट बसवायचं, थोड्या थोड्या वेळाने झाकणाच्या रबरी बुचातून सिरिंजने हवा ओढायची, काचेच्या कुपीत भरायची आणि कुप्या विद्यापीठात पाठवायच्या. पिकाच्या तोंडी न लागलेलं खत जमीन नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडते आणि तो वायू जग तापवतो. दात उपटताना डॉक्टर हुंगवतात तोच हा लाफिंग गॅस. जमीन किती हसते ते मोजायचं, एवढीच माझी नोकरी. माझे साहेब डॉ. ब्रॅनिगन फोनवर फार गोड बोलले. पेनात शाई भरली आहे. रोज लिहीन म्हणते.

१३ एप्रिल

पहिली फेरी व्यवस्थित पार पडली. धसकटं बुटांना बोचतात आणि कडीजवळची माती दबू नये म्हणून फळीवर उभं राहून काम करावं लागतं, तेवढीच कसरत. सगळ्यात जास्त हसते ती खळग्यातली कडी. ओली जागा, साचलेलं खत, तिथे ते साहजिकच आहे. डॉ. ब्रॅनिगनांचा सगळा नावलौकिक त्या एका कडीवर उभा आहे, असं ते स्वतःच म्हणाले.

गावात लव्होनच्या कॅफेत कॉफी प्यायला गेले, तर आत पाऊल टाकताच तिने ओरडून विचारलं की काय गं ट्रूडी, आज जमीन किती हसली. सगळं कॅफे हसलं. हा विनोद मला आता उन्हाळाभर पुरणार असं दिसतंय.

ऑर्विन सकाळी एक विचित्र गोष्ट करतात. घरामागच्या कोठाराशेजारी अमोनियाची चाकांवरची पांढरी टाकी उभी आहे, सध्या रिकामी. तिच्या कडेला धुण्याच्या पाण्याची पेटी असते. आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी हे शिकवतात: आधी पाणी, मग हात. म्हणजे पेटीत पाणी आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच झडपेला हात लावायचा. कारण ही खताची अमोनिया निर्जळी असते, तिच्यात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून सुटली की पाणी शोधत धावते. माणसाच्या अंगात पाणी असतं ते डोळ्यांत, घशात, घामात. लोक तिला नुसतं निर्जळी म्हणतात, घरातल्या खाष्ट बाईचं नाव घ्यावं तसं.

तर टाकी रिकामी असतानाही ऑर्विन रोज सकाळी त्या पेटीतलं शिळं पाणी काढून ताजं भरतात. भरताना जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं काहीतरी पुटपुटतात. जवळून गेले तेव्हा ऐकलं. म्हणत होते, जो ही रिकामी करेल त्याच्या डोळ्यांत टिपूस राहू नये.

म्हातारपण, दुसरं काय.

१७ एप्रिल

म्हातारपण नाही. लव्होनने आज रुबार्बच्या आंबट देठांची वडी पुढे सरकवत सगळं सांगितलं.

माझ्याआधी हे काम ऑर्विनची मुलगी मारेन करायची. मी झोपते ती खोली तिची. मागच्या ऑक्टोबरात खत घालायच्या दिवशी टाकीची नळी फाटली आणि मारेन समोर सापडली. डोळे मिटून ती पाण्याच्या पेटीशी धावली. पेटी कोरडी ठणठणीत. शरद ऋतू इतका सुका गेला होता की शेतात ओंजळभर पाणी नव्हतं. ऑर्विन पोचले तेव्हा उशीर झाला होता.

लव्होन म्हणाली, दरवर्षी चर्चच्या तळघरात बसवून आख्ख्या तालुक्याच्या पोरांकडून आधी पाणी, मग हात घोकून घेणारा हा माणूस, आणि याचीच पोर पाणी भरायला विसरली. म्हणे, आता त्याला विचारायलाही कुणी जात नाही, पोरांना शिकवायला दुसराच येतो. बोलताना तिचा आवाज दयेचा होता, पण त्या दयेला धार होती. चौकशीतही डॉ. ब्रॅनिगननी तेच सांगितलं म्हणे, की मुलगी गुणी होती, जरा विसराळू.

घरी आले तर ऑर्विन भांडी घासत होते. मी फडकं घेऊन पुसायला उभी राहिले.

२० एप्रिल

आज खळग्यातल्या कडीचं झाकण हललं.

वारा नव्हता. झाकण बसवलं, चिमटे लावले, फळीवर उकिडवी बसले आणि बघते तर झाकण किंचित वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. ऊन पडलं की आतली हवा फुगते हे मला कळतं, पण ऊन नव्हतं. सिरिंज बुचात घातली, तर दट्ट्या मी न ओढता आपोआप वर सरकत आला आणि अंगठ्याला टेकला. आतून कुणीतरी ढकलावा तसा. मग आवाज आला. लव्होनचा विनोद आठवून आधी मला वाटलं, हसतेय जमीन. नीट ऐकलं. हसणं नव्हतं ते.

खोकला होता. बाईचा, घसा सोललेला.

बाकीच्या कड्या सोडून घरी आले. ऑर्विनना सांगितलं की डोकं दुखतंय.

२३ एप्रिल

ऑर्विन आज आपणहून बोलले. मी खळग्याकडे जायचं टाळते हे त्यांनी हेरलं होतं. म्हणाले, पोरी, ती कडी तुला त्रास देते का. मी हो म्हटलं. मग म्हणाले की मारेन तिथेच सापडली, त्या कडीत तोंड खुपसून. टाकीपासून तिथवर आंधळी रांगत गेली होती. तोंड चिखलाने माखलेलं, ओठांत माती. म्हणाले, माझी पोर शेवटी माती चोखत होती.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते शरमेने वाळून गेलेत. म्हणाले, त्या सकाळी पेटी मी भरली नाही, ती भरायची, आणि मला म्हणाली होती भरलीय म्हणून. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच कुणाला हे सांगत होते. खोटं बोलणारी नव्हती हो ती, एवढं बोलून उठून गेले.

वर आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. चिखल कुठून आला? लव्होन म्हणते शेतात ओंजळभर पाणी नव्हतं. ऑर्विन म्हणतात पोरीचं तोंड चिखलाने माखलं होतं. सगळ्या शेतात ओली जागा होती ती त्या कडीत, वीतभर.

२६ एप्रिल

धीर करून गेले. झाकण ठेवायच्या आधीच खोकला सुरू झाला. थर्मासमध्ये पाणी होतं, का कोण जाणे, मी ते कडीत ओतलं. मातीने ते आवाज न करता पिऊन टाकलं. खोकला थांबला. मग मी वेड्यासारखी मारेनशी बोलत बसले. म्हटलं, बाई, तू विसरली नव्हतीस ना. झाकण माझ्या हाताखाली एकदाच वर आलं.

आता भीती वाटत नाही असं नाही. पण राग जास्त आहे.

२८ एप्रिल

डॉ. ब्रॅनिगन आले. टापटीप कोट, नवे कोरे रबरी बूट, लव्होनच्या वड्यांचा डबा हातात. खळग्यापाशी उभे राहून म्हणाले, हीच आपली लक्ष्मी. मी सहज विचारावं तसं विचारलं की मागच्या ऑक्टोबरात इतका दुष्काळ, बाकी सगळ्या कड्या गप्प, मग जुन्या नोंदींत मारेन गेली त्याच सकाळी हिनेच इतका वायू कसा सोडलेला दिसतो. सुक्या जमिनीवर पाणी पडलं तरच ती तशी उसळते, हे तुम्हीच मला शिकवलंत.

ते हसले. म्हणाले, हुशार आहेस. म्हणाले, दुसऱ्या दिवशी संशोधनाला पैसे देणारे पाहुणे येणार होते, आलेख मेल्या माणसाच्या नाडीसारखा सपाट, कधीकधी देवाला जरा हात द्यावा लागतो. पाणी कुठलं, मी विचारलं. तेव्हा त्यांनी कोठाराकडे पाहिलं. एकदाच. मग बोलणं दुसरीकडे नेलं.

मी सोडलं नाही. म्हटलं, ऑर्विनना एवढंच सांगा की पोर विसरली नव्हती, बाकी काही सांगू नका. तर म्हणाले, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो. आणि म्हणाले, तुझ्या शब्दाला पुरावा काय, ट्रकांची वजनं करणारी बाई तू.

आजपासून त्याला अहो-जाहो बंद. ब्रॅनिगनने मारेनचे डोळे धुवायचं पेटीतलं पाणी आलेखासाठी कडीत ओतलं आणि वर तिलाच विसराळू म्हणाला. गावात तिचं नाव निघालं की लोक मान हलवतात. बापाची मान खाली आहे. आणि हा वड्या खात मोटारीत बसून गेला.

३० एप्रिल

ऑर्विनना सांगायचं म्हणून दोनदा जिना उतरले, दोनदा परत आले. कशाच्या जोरावर सांगू? शेरिफ, म्हणजे इथला पोलीसप्रमुख, ब्रॅनिगनबरोबर मासे धरायला जातो. सांगितलं आणि कुणी मानलं नाही, तर म्हातारा दुसऱ्यांदा मरेल.

खळग्यात गेले. मारेनला सांगितलं. नाव ऐकल्याबरोबर झाकण असं आदळलं की चिमटे उडाले. कडीभोवतीची माती गरम लागत होती. अमोनियाचा वास आला, शेतात टाकी नसताना.

तिला तो हवाय. इतकं स्पष्ट मला आयुष्यात कुणी काही सांगितलं नव्हतं.

३ मे

भरलेली टाकी आली, शेताच्या कडेला लावली. उद्या दुपारी खत घालायचं. त्याआधी सकाळचे नमुने घ्यायला ब्रॅनिगन स्वतः येतोय, पाहुण्यांना दाखवायला फोटो हवेत. ऑर्विन सकाळी पेटी भरून सुटे भाग आणायला गावात जाणार.

मी झडपेला हात लावणार नाही. नळीला नाही. त्याच्या केसालाही नाही. फक्त पेटीच्या तळाची तोटी आहे, ती. एवढंच तर त्याने केलं होतं. जसं केलं तसं मिळेल, एक थेंब जास्त नाही की कमी नाही.

झोप छान लागेल असं वाटतं.

४ मे

लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खरं वाटेल.

ऑर्विनची गाडी वळणाआड गेली तेव्हा मी तोटी सोडली. पाणी धसकटांत जिरलं. ब्रॅनिगन आला. म्हटलं, आज झाकण तुम्हीच बसवा, कडी तुमचीच आहे. त्याला आवडलं. फळीवर गुडघे टेकले, माझ्याकडे बघून फोटोसाठी हसला. मी वारा पाठीवर घेऊन लांब उभी होते.

झाकण त्याच्या हातातून उडालं. कडीतून पांढरा धूर वर आला, जाड, थंड, सरळ त्याच्या तोंडावर. शेताच्या कडेची टाकी गप्प होती, तिची एकही झडप उघडी नव्हती. हा मातीतून आला. तो ओरडला नाही, खोकला. तसाच खोकला. डोळे धरून टाकीकडे पळाला, पेटी उघडली, आत हात घातला. तो हात किती वेळ आत फिरत होता. मग तो रांगत कडीकडे परत आला आणि त्याने तोंड मातीत घातलं, ते परत उचललं नाही.

एरवी ओली असणारी ती माती आज कोरडी होती. मारेनला निदान चिखल मिळाला होता.

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, लिहिलंय ते खोडणार नाही.

५ मे

शेरिफ म्हणाला, टाकी कुठेतरी गळली असणार, आणि शहरातला माणूस, पेटी बघायला विसरला. विसरला. लव्होनच्या कॅफेत आता त्याच्या नावाने माना हलतायत. मला हसू आवरेना.

संध्याकाळी ऑर्विनना सगळं सांगितलं. चिखल कुठून आला ते. कुणाचं पाणी ते. ते टेबलावर डोकं ठेवून रडले. सात महिन्यांचं रडले. म्हणाले, भरली होती तिने, भरली होती माझ्या पोरीने. मलाही रडायला हवं होतं. पण डोळ्यांत काही येईना. पापण्या नुसत्या घासत होत्या, आत वाळू असल्यासारख्या.

मग त्यांनी डोकं वर केलं. हळूच विचारलं की पोरी, काल सकाळी पेटी मी स्वतः काठोकाठ भरली होती. ती कुणी रिकामी केली?

त्यांनी उठून ग्लासभर पाणी माझ्यापुढे ठेवलं. मी ग्लास उचलला तेव्हा तो रिकामा होता.

६ मे

नळाला तोंड लावते. जिभेपर्यंत पोचत नाही. ओठांवरच सुकतं.

घाम नाही. थुंकी नाही. पेनात सकाळी शाई भरली, एवढं लिहिताना अर्धी—

ऑर्विनच्या पायांशी बसून सांगितलं, पेटी भरताना पुटपुटता तो शाप परत घ्या. मी तुमच्याचसाठी केलं. त्यांनी माझं डोकं कुरवाळलं आणि मोठ्याने परत घेतला, देवाचं नाव घेऊन, रडत. म्हणाले, मारेन, हे आपलं माणूस आहे गं.

खळग्यातून खोकला येतोच आहे. थांबला नाही.

७ मे

आता कळलं. तिचे डोळे आधी गेले होते. ती माणूस बघत नाही. आपला कोण, परका कोण— तिला काय दिसणार. ती चाचपते. पेटीत हात घालते. कोरडी लागली की तोटीवरचा हात कुणाचा, एवढंच—

माझा आहे.

८ मे

पापणी मिटत नाही, चिकटते. मावशीची शाईची बाटली झाकण लावलेली, आत नुसती निळी पूड. पेनात उरलीय तेवढी—

जिन्यावर खोकला.

ऑर्विन नव्हेत. ते खिडकीतून दिसतायत, कडीपाशी गुडघ्यांवर, बादलीने पाणी ओततायत— ओततायत— जमीन पीतच नाही, वरून वाहून जातंय—

मारेन, तुझीच बाजू होती माझी. तुझ्याच खोलीत—

दारापाशी. हात भिंतीवरून सरकतोय, चाचपत. वास—

ऑर्विन, पोरांना शिकवा परत. सगळ्यांना. कुणाच्याही रागाने, कुणाच्याही— तोटी नका— आधी पा